डॉन तानीचा आवाज

डॉन तानी कधी सकाळी मरायचा, कधी दुपारी. पण संध्याकाळी त्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसून, अंगावर चादर ओढून आणि कपाळावर क्रूस काढूनच लिब्राडा ओवेलार घरी जायची. रबराच्या बाहुल्याला कसला क्रूस, म्हणून नर्सिंगच्या पोरी हसायच्या. ती म्हणायची, "रबराचा असला तरी तुमच्या हातून मेलाय. त्याच्यासाठी कुणी दोन शब्द बोलायला नकोत?"

व्हियारिकाच्या नर्सिंग कॉलेजातला हा बाहुला. त्याची छाती खालीवर व्हायची, मनगटाला नाडी लागायची, हृदयाची रेघ उशाशी पडद्यावर धावायची. एवढं सगळं यंत्र करी, पण बोलायची लिब्राडा. खोलीच्या एका भिंतीला काळी काच होती. आतून बाहेरचं दिसे, बाहेरून आतलं नाही. काचेमागे बसून, तोंडाशी माइक धरून ती ऊस तोडणाऱ्या म्हाताऱ्याच्या घोगऱ्या आवाजात कण्हायची, खोकायची, कुरकुरायची. पोरी खऱ्या रुग्णाला हात लावायच्या आधी या खोलीत चुकून घेत. याला सिम्युलेशन म्हणतात. गावात बायका म्हणत, "लिब्राडा मेलेल्याला बोलतं करते."

तिला न्या लिब्राडा म्हणायचे सगळे. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी न्या लावतात, पुरुषाच्या नावाआधी डॉन. शिवणकाम करणारी, संसारी, रोज पहाटे चर्चमध्ये मिसेला जाणारी बाई ती. नर्सिंगशी तिचा संबंध यायचं खरं तर काही कारण नव्हतं. संबंध आला तो गुड फ्रायडेमुळे. चर्चच्या नाटकात येशूच्या जखमा करायचं काम वर्षानुवर्षं तिच्याकडे. शेंदरीच्या बिया, मध, पीठ आणि थोडी कॉफी एवढ्यावर ती असे वळ उठवायची की पुढच्या रांगेतली पोरं रडायला लागायची. एका वर्षी तर कॉलेजच्या मुख्य झुनिल्डा मॅडम प्रेक्षकांतून ताडकन उठल्या आणि येशूच्या पाठीवर रुमाल दाबायला धावल्या. सगळं चर्च हसलं. सोमवारी त्याच मॅडम लिब्राडाच्या दारात उभ्या. "बाई, मला एक भाजलेला हात करून द्याल का?"

हाताचं झालं, मग पोटाचं, मग पायाचं. पुढे ती यंत्र चालवायला शिकली. आणि आवाज द्यायला आधी जो माणूस ठेवला होता, तो प्रत्येक रुग्ण रेडिओवरच्या बातम्यांसारखा बोलायचा, म्हणून आवाजही तिच्याकडेच आला.

असं छान चाललेलं असताना त्या वर्षी नियम आला. सिम्युलेशनची खोली चालवायची तर परीक्षा मंडळाचं प्रमाणपत्र हवं. परीक्षा राजधानीत, असुन्सिओनला. आधी लेखी, मग प्रत्यक्ष: उमेदवारानं स्वतः प्रसंग रचायचा, अनोळखी विद्यार्थ्यावर तो चालवायचा, आणि संपल्यावर त्याच्याशी बोलायचं. झुनिल्डा मॅडमनी आडपडदा ठेवला नाही.

"पास झालात तर खोली तुमची. नापास झालात तर राजधानीतून प्रमाणपत्रवाला माणूस येईल, आणि मी काही करू शकणार नाही, न्या लिब्राडा."

"आणि डॉन तानी?"

"तो त्या माणसाच्या आवाजात बोलेल."

लिब्राडाला हे दुसरं वाक्यच जास्त लागलं.

आता तिच्यातली खोट सांगायला हवी, कारण सगळी परीक्षा तिच्यावरच अडली होती. लिब्राडाला कुणाची चूक बघवत नसे. पोरगी छाती तपासायची, पाठ विसरायची, तेवढ्यात डॉन तानी कण्हायचा, "पाठीतही दुखतंय हं पोरी, उजव्या अंगाला, जरा खाली." पोरगी चुकीच्या बाटलीकडे हात न्यायची, डॉन तानीला नेमका तेव्हाच खोकला यायचा. तिच्या खोलीत कुणी नापास होत नसे. पोरींचा तिच्यावर केवढा जीव!

"तुमचा रुग्ण फारच सज्जन आहे," झुनिल्डा मॅडम म्हणायच्या. "आजार सांगतो, औषध सांगतो, उद्या इंजेक्शनही स्वतःच टोचून घेईल."

"दुखत असेल ते माणूस सांगणार नाही का, मॅडम?"

"माणूस त्याला सांगण्यासारखं वाटतं तेवढंच सांगतो. तुमच्या सासऱ्यांनी सांगितलं होतं?"

सासऱ्यांची गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक. रक्तदाबाची गोळी चालू, आणि वर तेरेरेच्या पाण्यात रोज लघवी साफ करणारी मुळी कुटून. तेरेरे म्हणजे पेल्यातल्या पाल्यावर गार पाणी ओतून नळीनं ओढायचं, आमच्याकडे सगळे दिवसभर पितात. गोळीनंही क्षार जात होते, मुळीनंही. एक दिवस पायात गोळे आले, छाती धडधडायला लागली, म्हातारा आडवा झाला. दवाखान्यात जो येईल तो विचारी, "आजोबा, कुठलं औषध घेता?" आजोबा म्हणत, "एक गोळी." मुळीचं नाव नाही. खाटेशेजारी थर्मास उभा, शिंगाचा पेला भरलेला, धातूची नळी पेल्यात, आणि कुणालाच ते दिसेना. नशिबानं म्हातारा वाचला, आणि मरेपर्यंत सांगत राहिला, "औषध विचारलं होतं त्यांनी. तेरेरे कुठं औषध आहे? तेरेरे म्हणजे पाणी!"

लिब्राडानं हाच प्रसंग परीक्षेसाठी घेतला. रुग्ण म्हणून सासरेच. नाव डॉन तानी, डोक्यावर गवताची टोपी, शेजारी तेरेरेचं सगळं सामान. विद्यार्थिनीनं मुळ्यांबद्दल विचारलं तर रुग्ण खरं सांगेल. नाही विचारलं तर नाही सांगणार, आणि त्याचं हृदय बिघडत जाईल. सूचना एकच द्यायची, तीही आधी लिहून ठेवलेली: मध्यावर रुग्ण म्हणेल, तोंड कोरडं पडलंय. त्याउपर एक शब्द नाही.

मॅडमनी वाचलं आणि मान हलवली. "प्रसंग उत्तम आहे. पण तुम्ही गप्प बसणार कशा?"

हा तिलाही प्रश्न होताच, आणि त्याआधी दुसरा होता. शनिवारी ती फादर एपिफानिओंकडे गेली.

"फादर, दुसऱ्याच्या तोंडून खोटं बोलणं पाप आहे का?"

"कुणाच्या तोंडून?"

"रबराच्या."

फादरांनी चष्मा काढला. लिब्राडानं सगळं सांगितलं: ती पोरगी बिचारी विचारणार, काका औषध काय घेता, आणि हिनं जाणूनबुजून म्हणायचं, एक गोळी. चुकतंय हे डोळ्यांनी बघायचं आणि बसायचं.

"नाटकात येशूला धरून देणारा यहूदा कोण होतो?" फादरांनी विचारलं.

"एर्मिनिओ. सुतार."

"ते काम केल्याबद्दल तो शनिवारी कबुलीजबाबाला येतो का?"

"या वर्षी आला होता की, फादर. मी पाहिला."

"तो दुसऱ्या कारणासाठी आला होता," फादर घाईनं म्हणाले. "सांगायचं काय, की एर्मिनिओला दया येऊन त्यानं येशूच्या कानात सांगितलं, पळ, शिपाई येतायत, तर?"

"नाटकच संपेल."

"मग? जा, अभ्यास कर. आणि उगाच स्वतःला येशूची आई समजू नकोस, तुझं काम यहूदाचं आहे. तेही कुणीतरी नीट करावं लागतं."

लिब्राडा हसत बाहेर पडली खरी, पण मन हलकं झालं नव्हतं. समजणं वेगळं आणि जमणं वेगळं.

अभ्यास दुपारी. गाव जेवून झोपे, रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही, तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिची पानं पसरायची. लेखीचे प्रश्न तिला छळत. विद्यार्थी गोंधळला तर चालकानं काय करावं? खाली चार उत्तरं, आणि लिब्राडा चारातलं सगळ्यात दयाळू उत्तर निवडायची. ते हटकून चूक निघायचं.

"अहो, मी देव असते तर मीही तेच निवडलं असतं," मॅडम वैतागून म्हणाल्या. "पण मंडळ देव नाही. विद्यार्थ्याला काय बरं वाटेल ते बघू नका. तो काय शिकेल ते बघा."

लिब्राडानं हे शेवटचं वाक्य कागदावर लिहून चुलीवरच्या फळीला चिकटवलं. चिपा, म्हणजे चीजचे पाव, भाजताना तेच, रस्सा ढवळताना तेच. हळूहळू उत्तरं बरोबर यायला लागली. राहिला तो गप्प बसण्याचा भाग. त्यासाठी नवरा कामाला आला.

सिरिलो न्हावी. चौकात दुकान. न्हाव्यानं गप्प बसावं हे जगात कुठंच होत नाही, पण प्रश्न विचारायला त्याच्यासारखा माणूस नाही. दुपारी तो पांढरा अंगरखा तसाच अंगावर ठेवून नर्स व्हायचा आणि लिब्राडा पलंगावर आडवी, डॉन तानी.

"काय काका, काय होतंय?"

"पायात गोळे येतात."

"वय झालं. केस किती दिवसांत कापले नाहीत?"

"सिरिलो!"

"नर्स सिरिलो म्हणा. औषध काय घेता?"

"रक्तदाबाची एक गोळी."

"बरं. मग आता मी तुमचा पाय कापतो."

"अहो, तेरेरे विचारा ना! तेरेरेत काय घालतो ते!" लिब्राडा उठूनच बसायची.

"हरलीस," सिरिलो आरशात मिशी बघत म्हणायचा. "पुन्हा झोप."

तो मुद्दाम चुकायचा, आणि अगदी मनापासून चुकायचा. नाडी कोपराला बघायचा, ताप पायाला. एकदा त्यानं रुग्णाला मृत जाहीर करून शेजारणीला निरोप पाठवला, आणि शेजारीण खरोखर रडत आली. त्या दिवशी लिब्राडा पहिल्यांदा जिंकली. सगळा वेळ ओठ घट्ट मिटून पडून राहिली, शेजारीण गळ्यात पडेपर्यंत.

पण खरं अवघड होतं ते प्रसंग संपल्यावरचं बोलणं. मॅडम म्हणत, सगळं शिकणं तिथंच होतं. तिथं भाषण द्यायचं नाही, चूक दाखवायची नाही. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. समोरचा गप्प राहिला तर आपणही गप्प राहायचं, कितीही जड गेलं तरी. सिरिलोला हे मुळीच पटलं नाही. "गिऱ्हाईक गप्प बसलं की मी घाबरतो. वाटतं, कान कापला की काय."

असुन्सिओनला पहाटेच्या बसनं निघाल्या, ती आणि झुनिल्डा मॅडम. रस्त्यात लापाचोची झाडं गुलाबी फुललेली. वाटेत चिपावाली चढली तेव्हा मॅडमनी दोन घेतल्या, लिब्राडानं घेतली नाही. तिचा उपास होता. "काकुपेच्या मारियामातेला नवस बोलले आहे," ती म्हणाली. "पास झाले तर डिसेंबरात चालत येईन."

"आणि नापास झालात तर?"

"तर रांगत येईन. तिच्याशी भांडायला."

लेखी परीक्षा संगणकावर. ती बरी गेली. एकाच प्रश्नाला तिचा हात दयाळू उत्तराकडे गेला होता. तिनं तो मागे घेतला, आणि मग उगाच अपराध्यासारखं खोलीभर बघितलं.

प्रत्यक्ष परीक्षा दुपारनंतर. तिथला बाहुला बघून तिचं धाबंच दणाणलं. पांढराफटक, निळे डोळे, चाको भागात वसलेल्या जर्मन दूधवाल्यासारखा. हा कुठला ऊस तोडणारा! तिनं पिशवीतून गवताची टोपी काढून त्याच्या डोक्यावर घातली, गळ्याभोवती घामाचा रुमाल बांधला, नखांत थोडी लाल माती भरली. शेजारच्या टेबलावर बर्फाच्या पाण्याचा थर्मास ठेवला, पाण्यात कुटलेली मुळी, पेला, नळी. मागे होऊन बघितलं आणि हळूच म्हणाली, "आता आलात तुम्ही, डॉन तानी."

परीक्षक दोघं. शेजारच्या देशातून, मोंतेविदेओहून आलेल्या ओलास्कोआगा बाई, उंच, काखेत स्वतःचा थर्मास, माते म्हणजे गरम तेरेरेचा. त्यांच्याकडे उन्हाळ्यातही गरमच पितात, देव त्यांना क्षमा करो. आणि इथलेच एक कमी बोलणारे डॉक्टर. दोघं लिब्राडाबरोबर काचेमागे बसले. मॅडमना बाहेरच थांबावं लागलं.

दार उघडून विद्यार्थिनी आत आली. निमिया नाव, उत्तरेकडच्या कोन्सेप्सिओनची, शेवटच्या वर्षाला. टापटीप पोर. हात धुतले, नाव सांगितलं, नाव विचारलं. लिब्राडाला पहिल्याच क्षणी ती आवडली, आणि नेमकं हिच्यासमोरच गप्प बसायचं होतं.

"काय होतंय, काका?"

"पायात गोळे येतात गं पोरी. आणि शक्तीच नाही. काल कोयता हातातनं पडला."

निमियानं रक्तदाब घेतला, नाडी मोजली. तिला टेबलावर ट्रे ठेवायला जागा हवी होती. तिनं थर्मास उचलला, पेला उचलला, दोन्ही नीट एका बाजूला सरकवले आणि ट्रे ठेवला. काचेमागे मोंतेविदेओच्या बाईंनी भुवया उंचावल्या. त्यांना तो थर्मास दिसला होता, कारण त्या परक्या होत्या. निमियाला कसा दिसणार? घरात जन्मल्यापासून जे समोर असतं, ते कुणाला दिसतं का!

"औषध काय घेता, काका?"

"रक्तदाबाची एक गोळी. सकाळी."

"आणखी काही? ॲलर्जी?"

"नाही बाळा."

लिब्राडाच्या ओठांवर शब्द आला होता. तिनं जीभ दातांखाली धरली. पडद्यावरची रेघ तिनं ठरल्याप्रमाणे थोडी बिघडवली. निमियानं पाहिलं, कपाळाला आठी घातली, पुन्हा नाडी धरली. प्रसंगाचा मध्य आला. माइकशी वाकून लिब्राडानं तिला मुभा असलेलं एकच वाक्य म्हटलं.

"पोरी, तोंड फार कोरडं पडलंय गं."

यानंतर काय होईल याची तिनं खूप कल्पना केली होती. पोरगी पाणी देईल. किंवा विचारेल, काका, दिवसभर काय पिता? किंवा तिची नजर थर्मासावर जाईल. जे झालं ते तिच्या मनातही आलं नव्हतं.

"थांबा हं काका," निमिया मायेनं म्हणाली. तिनं थर्मास उचलला, पेल्यात पाणी ओतलं, नळी नीट फिरवली आणि म्हाताऱ्याचं डोकं एका हातानं उचलून ती त्याच्या ओठांना लावली.

काचेमागे डॉक्टर पुढे सरकले. पोरीनं विष पाजलं होतं, आणि तेही किती चांगल्या संस्कारानं! तहानलेल्या म्हाताऱ्याला तेरेरे द्यायचं नाही तर काय करायचं? लिब्राडाच्या लेकीनंही हेच केलं असतं. तिनं स्वतः हेच केलं असतं.

आता सगळं तिच्या हातात होतं. डॉन तानीला नको म्हणता आलं असतं. नुसतं 'आभारी आहे' म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेरेरेत आभार मानले की बस झालं, पुढचा पेला येत नाही. एक शब्द. पोरगी थांबली असती, कदाचित विचारात पडली असती. लिब्राडानं माइकचं बटण दाबलं. डोळे मिटले. आणि डॉन तानीनं नळीतून सुर्रकन सगळा पेला ओढला, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि समाधानानं उसासा सोडला.

"आणखी देऊ काका?"

"दे गं बाळा."

दुसरा पेलाही गेला. मग पडद्यावरची रेघ वेडीवाकडी धावू लागली. डॉन तानी अर्ध्या वाक्यात थांबला. निमिया घाबरली, पण पळाली नाही. तिनं मदतीची हाक दिली, पलंगावर गुडघा टेकला आणि दोन्ही हात एकावर एक ठेवून छाती दाबायला लागली, मोठ्यानं आकडे म्हणत, टोपी खाली पडली तरी. घंटा वाजेपर्यंत ती दाबत राहिली. वाजल्यावरही थोडी दाबलीच.

शेजारच्या लहान खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर. परीक्षक भिंतीशी. निमियाचे डोळे लाल होते. लिब्राडाला वाटलं, उठावं, तिला पोटाशी धरावं, म्हणावं, काही नाही गं, रबराचा होता. ती खुर्चीला धरून बसली.

"तू शेवटपर्यंत त्याला सोडलं नाहीस, ते मी पाहिलं," ती म्हणाली. हे खरं होतं, म्हणून ते बोलायला हरकत नव्हती. "आता मला सांग. त्याचं तोंड कोरडं पडलं तेव्हा तुझ्या मनात काय आलं?"

"माझे आजोबा आले," निमिया म्हणाली. "आमच्याकडे म्हाताऱ्या माणसानं तहान म्हटलं की विचारत नाहीत. देतात."

"काय दिलंस?"

"तेरेरे."

"हं."

लिब्राडा थांबली. निमियाही थांबली. घड्याळ चालत होतं. डॉक्टरांनी बूट हलवला. लिब्राडाच्या घशाशी सगळं उत्तर तयार होतं, मुळीच्या नावासकट, सासऱ्यांच्या गोष्टीसकट. तिनं बोटं एकमेकांत गुंफली आणि मनातल्या मनात मातेला हाक मारायला लागली. एक हाक झाली, दुसरी झाली. निमिया कुठंतरी दूर बघत होती. मग तिचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"थर्मास कुठाय?" ती उठली. दारातून आत गेली, तो घेऊन आली, झाकण काढलं, वास घेतला. "मुळी आहे. लघवीची. आमची आजी घालते." ती मटकन बसली. "मी औषध विचारलं. हे विचारलंच नाही. मी याला हात लावून बाजूला सरकवलं, आणि वर मीच पाजलं. दोनदा."

"होय," लिब्राडा म्हणाली. तिनं ते गोडही केलं नाही आणि कडूही नाही. "असा म्हातारा तुझ्या वॉर्डात उद्या आला तर?"

निमियानं नाक पुसलं. "आधी विचारीन, काका, आज तेरेरेत काय कुटलंय?" आणि मग एकदम, "बाई, मला परत एकदा करू द्याल? आत्ता?"

ओलास्कोआगा बाईंनी घड्याळाकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं आणि मान डोलावली. डॉन तानी पुन्हा जिवंत झाला. या वेळी निमिया आत आली ती थेट थर्मासाशी गेली, आणि दूधवाल्याच्या निळ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "काय काका, कुठली मुळी ही? रोज घालता?" आणि डॉन तानीनं आनंदानं घडाघडा सगळं सांगितलं: मुळी, ती विकणारी बाजारातली बाई, आणि न विचारलेली बायकोची तक्रारसुद्धा.

शेवटी परीक्षकांचे प्रश्न. मोंतेविदेओच्या बाईंनी कागद बाजूला ठेवला.

"तुमच्या रुग्णाला पेला नाकारता आला असता. का नाकारला नाही?"

"तो आमच्याकडचा आहे, बाई," लिब्राडा म्हणाली. "पोरीच्या हातचं तेरेरे तो मरताना नाकारणार नाही. नाकारलं असतं तर तो खोटा झाला असता."

"आणि तुम्ही? तुम्ही का थांबवलं नाहीत?"

लिब्राडानं थोडा विचार केला. कुठल्याही पुस्तकातलं उत्तर तिला आठवेना.

"मला थांबवायचं होतं. देवाशपथ, फार थांबवायचं होतं. पण ती पोर उद्या कोन्सेप्सिओनच्या दवाखान्यात एकटी असेल. तिथं काचेमागे मी नसणार."

कमी बोलणारे डॉक्टर पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "माझ्या आईच्या तेरेरेत काय असतं, ते मी आजवर विचारलेलं नाही." आणि खिशातून फोन काढून ते बाहेर गेले.

निकाल संध्याकाळी दाराशी लागला. लिब्राडानं आधी मॅडमना पुढे पाठवलं. झुनिल्डा मॅडम, ज्या वर्षात एकदा नाटकापुरत्या चर्चला येतात, त्या नावांवरून बोट खाली नेत होत्या आणि ओठ हलत होते. मग त्यांनी वळून एवढ्या मोठ्यानं "ओवेलार!" म्हणून हाक मारली की जिन्यावरचा शिपाई सावध उभा राहिला.

"चालत!" मॅडम म्हणाल्या. "रांगत नाही, चालत जायचं! आणि मीही येणार!"

सोमवारी सकाळी लिब्राडा नेहमीसारखी कॉलेजात गेली. मिसेहून थेट, डोक्यावरचा रुमाल अजून तसाच, हातात शेंदरीची बाटली. खोलीच्या दारावर नवी पाटी लागली होती, तिच्या पूर्ण नावाची. पाटीकडे तिनं सरळ बघितलं नाही, लाज वाटली. दार ढकलून ती आत शिरली, आणि डॉन तानीभोवती गप्पा मारत बसलेल्या तिसऱ्या वर्षाच्या पोरी, एकमेकींना कोपर मारत, सगळ्याच्या सगळ्या उठून उभ्या राहिल्या. प्राध्यापक आले की उभ्या राहतात तशा.

लिब्राडा दारातच थबकली. अभिमान हे पाप आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शनिवारी ती ते फादरांना सांगणारही होती. पण बसा म्हणायची तिनं मुळीच घाई केली नाही. रुमाल सोडला, घडी घातली, बाटली जागेवर ठेवली, एकेका पोरीच्या तोंडाकडे बघितलं.

मग म्हणाली, "बसा आता. आणि ऐकून ठेवा. आजपासून या खोलीत तुम्ही नापासही होणार आहात."